तिसरा प्रवेश : पिंजरा

गोष्ट सगळ्यांना पाठ होती, हीच पहिली अडचण.
राक्षस, त्याचा जीव पोपटात, पोपट पिंजऱ्यात,
पिंजरा सातासमुद्रापार.
सोहारच्या हॉलवर मंडळाची मीटिंग,
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं,
खळदकरबाई म्हणाल्या, यंदा नुसते नाच नकोत,
पोरांचं संगीत नाटक करू. गाणी तुम्ही लिहा.
मी खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात हिशेब लिहितो.
हो म्हणून बसलो.

राजपुत्राचं गाणं एका शुक्रवारी झालं.
घोड्याचं तर गाडीतच, फलजच्या गोल चौकात.
समुद्राच्या गाण्याला पोरं हसली,
"काका, सात कुठले? मस्कत ते मुंबई, मध्ये एकच.
जेवणाचा ट्रे उचलायच्या आत संपतो."
मी सात खोडून एक केला,
मात्रा कमी पडल्या,
पुन्हा सात केले.

राक्षसाचं मात्र येईना.
गोष्टीत तो नुसता गुरगुरतो,
माणसाचा वास येतोय म्हणतो,
आणि पोपटाचा पाय मोडला की ह्याचा पाय,
पंख उपटला की हात,
असा हप्त्याहप्त्यानं मरतो.

राक्षस केला गोरक्ष थोपटेला.
बंदरावर क्रेन चालवतो, वर काचेच्या खोलीत,
दुपारचा डबा दोरीनं ओढून घेतो.
उंची बघून घेतला,
आवाज कुणी विचारलाच नव्हता.

पिंजऱ्यासाठी मासळीबाजारातून जुना गरगूर आणला,
तारेचा घुमट, वास जाता जाईना.
पिसं शिवली मोतालिबनं,
एरवी तो दिशदाशा शिवतो.
हिरवं कापड कापता कापता म्हणाला,
आमच्या गावीही हीच गोष्ट आहे,
फक्त पोपट नाही, भुंगा.
तळ्याच्या तळाशी खांब, खांबात डबी, डबीत भुंगा.
मग कात्री थांबवून,
हा जीव बरोबर का नाही आणत?
"व्हिसा नसेल," थोपटे म्हणाला.
सगळे हसले.
मोतालिब जरा जास्तच.

त्या रात्री चार ओळी आल्या :

    जीव ठेवला टांगून उंच हिरव्या फांदीला,
    इथं धाडलंय अंग दगडं उचलायला.
    पाखरा, दाणे टिपून घे, पाणी पी घोट घोट,
    तुझं भरलं की इथं माझं भरतंय पोट.

बाईंनी आधी भीमपलास लावून पाहिला,
नको म्हणाल्या, फार शहाणा वाटतो राक्षस.
मग जात्यावरची साधी चाल धरली.
थोपटेनं दोन ओळी नीट म्हटल्या.
तिसरीला 'पाखरा' त्याच्या तोंडात बसेना.
त्या जागी तो 'सई' म्हणाला.
दोनच अक्षरं. ताल उघडा पडला.
तबल्यावर वसईचा आल्मेडा,
त्यानं एक मात्रा नुसता हात वर धरला
आणि मग त्याला आत घेतलं.
वही बघून मी काही बोललो नाही.
सईला यंदा दहावी आहे, एवढं मला ठाऊक होतं.

गरगुरात बसलेली शाल्मली, वय वर्षं आठ,
चोच कपाळावर सरकवून म्हणाली,
"मान मुरगळायची तेव्हा मी गुदगुल्यांनी हसले तर?"
बाई म्हणाल्या, हसायचं नाही.
"आणि मी मेलेच नाही तर काका घरी जाणार?"
कुठल्या घरी, हे तिनं सांगितलं नाही.
तिचं घर हॉलच्या मागच्याच गल्लीत,
फार्मसीच्या वर.

आजोबांच्या काळापासून ह्या गोष्टीचा शेवट ठरलेला.
पोरांच्या आया तो बघायलाच येतील,
टाळ्या तिथंच पडतात.
प्रयोग परवावर आलाय.
राजपुत्राचा हात गरगुराच्या तोंडातून आत गेलाय,
कोपरापर्यंत.
त्याला सांगितलंय, तसाच थांब.
तो थांबलाय, पण हात भरून आलाय म्हणतो.
पुढचं पान मी अजून कुणाला दिलेलं नाही.